मास्कवाला स्पेसर : बंदरावरच्या मेकॅनिकचा अभिप्राय

दम्याचा पंप, म्हणजे इन्हेलर, पोराला देताना मधे लावायची ही नळी. वस्तू साधी आहे. प्लॅस्टिकचं पारदर्शक नळकांडं, एका टोकाला इन्हेलर खोचायला रबरी तोंड, दुसऱ्या टोकाला एकतर्फी व्हॉल्व्ह आणि त्याच्यावर सिलिकॉनचा मऊ मास्क. रत्नागिरीच्या बाजारात मला पाचशेच्या आत मिळाला. मास्क कितव्या वर्षाच्या मुलाचा हवा, एवढंच मेडिकलवाल्याने विचारलं आणि पुडकं हातात दिलं. वापरायचा कसा ते त्याने सांगितलं नाही, आणि आतलं पत्रक सगळं इंग्रजीत, तेही डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरात. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. नळी कुठलीही हातात आली की आधी तिचा व्हॉल्व्ह बघायचा ही हाताची खोड. घरात धाकटा पाच वर्षांचा, त्याला बाळदमा. तेव्हा ही वस्तू मी बाप म्हणून वापरली आहे आणि मेकॅनिक म्हणून उघडूनही बघितली आहे.

दुकानात माझ्या पुढे एक बाई उभी होती. “नुसता पंप द्या, ती नळी नको, उगाच खर्च,” म्हणाली. खर्च उगाच नाही. इन्हेलर दाबला की औषध फार वेगाने बाहेर येतं. दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणाला जुळलं तर ठीक, पण मोठ्या माणसांनाही ते धड जमत नाही, पोराला कुठून जमणार? बहुतेक औषध जिभेवर आणि घशावर आदळतं. डिझेल इंजिनाचं नोझल बिघडलं की तुषाराऐवजी धार पडते, ताकद जाते आणि काळा धूर येतो, तसलाच प्रकार. नळकांड्यात फवाऱ्याचा वेग मरतो, जाड थेंब भिंतीला बसतात, बारीक तुषार तेवढे तरंगत राहतात आणि पोरगा आपल्या चालीने श्वास घेत ते आत नेतो. साधारण पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड थेंबांची मजल फुप्फुसातल्या खोल नळ्यांपर्यंत जातच नाही.

आता ही नळी आमच्याकडे आली कशी. धाकटा रांगत होता तेव्हा एकदा नाक वाहायला लागलं, दोन दिवसांत पोट उडायला लागलं, दूध ओढवेना. बालरोगतज्ज्ञ म्हणाले ब्राँकिओलायटिस, बहुधा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे. हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९५६ साली अमेरिकेत, सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. दोन वर्षांचं होईपर्यंत तो जवळपास प्रत्येक मुलाला एकदा गाठतो. बहुतेकांचं सर्दीवर भागतं, काहींच्या फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजतात, तेच ब्राँकिओलायटिस. आमचा बरा होऊन घरी आला, पण त्यानंतर सर्दी झाली की छातीत उतरणारच. पहिल्या दिवशी शेंबूड, दुसऱ्या रात्री छातीत शिट्टी.

आईचं ठरलेलं, “अरे, काल शहाळं पाजलंस ना त्याला? मग होणार नाहीतर काय!” शहाळं बंद झालं, मग केळं, दही, पेरू, ताक. पोरगं मऊ भात आणि मेतकुटावर आलं. शिट्टी होती तिथेच. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “काय खाल्लं ते राहू दे. आधी घरात कुणाला सर्दी होती ते सांगा.”

थोरली शाळेतून आणते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पाऊस त्याच सुमाराला जोर धरतो, वर्गाच्या खिडक्या बंद, पोरं एकमेकांच्या अंगावर. माझ्या डोक्यात सगळा दोष पावसाचा होता. डॉक्टरांनी सांगितलं की विलायतेत आणि अमेरिकेत मुलांच्या दम्याच्या झटक्यांची हीच लाट सप्टेंबरात येते, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडल्या की. तिथे तेव्हा आपला पाऊस नसतो, शाळेतली सर्दी मात्र असते. २०२० साली शाळा बंद होत्या, लोक तोंड बांधून फिरत होते, तेव्हा कित्येक देशांत मुलांच्या दम्याचे झटके एकदम उतरले.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला ९ ते ११ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला, तो १९९५ मध्ये छापून आला. मुलाची छाती वाजायला लागली की नाकातला नमुना तपासायचा. ८० ते ८५ टक्के वेळा विषाणू सापडला, आणि सगळ्यात जास्त वेळा ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे आपण जिला दोन दिवसांची साधी सर्दी म्हणतो तिचा मालक. त्याचे १६० हून जास्त प्रकार आहेत. एकाला शरीराने ओळखलं की दुसरा हजर, म्हणून सर्दी पुन्हा पुन्हा होते आणि म्हणूनच त्याच्यावर लस निघालेली नाही. अँटिबायोटिक त्याला काही करत नाही. आमच्या गल्लीत तरी सर्दी झाली की मेडिकलवरून “ती पाच गोळ्यांची पट्टी” आणायची पद्धत आहे.

माझा खरा प्रश्न वेगळा होता. सर्दी दोन्ही पोरांना होते, थोरली शिंकून मोकळी होते आणि धाकटा रात्रभर बसून काढतो, असं का? त्याचं उत्तर अर्धं पोरात आहे आणि अर्धं घरात.

विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरात शिरतो. त्या पेशी मरता मरता रसायनांची हाकाटी करतात. काही रसायनं विषाणूशी लढणाऱ्या पेशींना बोलावतात, काही अॅलर्जीच्या पेशींना. अॅलर्जीची वृत्ती असलेल्या पोरात दुसऱ्या हाकेला गर्दी जास्त होते. नळी सुजते, आवळते, आत चिकट कफ भरतो. शिवाय विषाणूला रोखणारा इंटरफेरॉन नावाचा पदार्थ अशा मुलांत कमी किंवा उशिरा तयार होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. अॅलर्जीची आयजीई नावाची प्रतिपिंडं स्वतःच त्या इंटरफेरॉनला दाबतात. हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांमधल्या मुलांना आयजीई अडवणारं ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन देऊन पाहिलं, तेव्हा शाळा उघडल्यानंतरची झटक्यांची लाट खाली आली. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. औषध अॅलर्जीवरचं, आणि फरक पडला सर्दीच्या हंगामात. हे ऐकल्यावर मला दोन्हीचा सांधा कळला. तोवर मी सर्दी वेगळी आणि अॅलर्जी वेगळी धरत होतो.

आणि घर. आमचं घर जांभ्याचं, खालची भिंत जूनपासून ओल धरते, कपाटामागे काळी बुरशी. गाद्या कापसाच्या, माझ्या लग्नातल्या. असल्या दमट हवेत धुळीतले माइट नावाचे बारीक किडे माजतात, आणि कोकणात कोरडं घर पावसात कुणाचं आहे? मँचेस्टरला दम्याने दवाखान्यात भरती झालेल्या मुलांचा अभ्यास झाला, २००६ मध्ये आला. अॅलर्जी असणं, ज्याची अॅलर्जी ती वस्तू घरात भरपूर असणं आणि वर विषाणू, ही तिन्ही एकत्र आली की भरती होण्याची शक्यता सुमारे एकोणीस पट. सुटं सुटं धरलं तर यातलं काहीच एवढं करत नाही. त्या पावसाळ्यात मी गादी काढून टाकली, पाणचुलीचा धूर माजघरात येत होता तो बाजूने बंद केला. डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली. सर्दी अडवणं माझ्या हातात नाही, हे होतं.

विषाणूने दमा लावला की दमा होणारच होता आणि विषाणूने तो नुसता उघडा पाडला, यावर डॉक्टर लोकांत अजून वाद आहे. अमेरिकेतल्या मॅडिसनला आईबापांपैकी कुणाला तरी अॅलर्जी किंवा दमा आहे अशा मुलांना जन्मापासून नजरेखाली ठेवलं. पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसने छाती वाजली असेल तर सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळपास दहापट निघाली, आरएसव्हीची त्यापेक्षा बरीच कमी. २००८ सालचा निकाल. ऐकून कुणीही म्हणेल की विषाणूच गुन्हेगार. पण त्याच मुलांचं पुढे पाहिलं तर अॅलर्जी आधी होती आणि ऱ्हायनोव्हायरसची शिट्टी नंतर आली. नेदरलँड्सला वेळेआधी जन्मलेल्या बाळांना आरएसव्हीविरुद्धची अँटिबॉडी टोचली. पहिल्या वर्षात छाती वाजण्याचे दिवस निम्म्याहून कमी झाले, पण सहाव्या वर्षी फुप्फुसांची ताकद मोजली तर टोचलेल्यांत आणि न टोचलेल्यांत फरक नव्हता. माझं मत विचाराल तर मोडकं आधीच होतं, विषाणू त्याच्यावर घण घालतो. ते वाईटच आहे, आणि आरएसव्हीसाठी आता गरोदरपणात घ्यायची लस आणि तान्ह्या बाळाला द्यायचं नवं इंजेक्शन निघालं आहे ही चांगली गोष्ट. आमच्या धाकट्यासाठी उशीर झाला.

आता परत नळीकडे.

पहिला स्पेसर मी ऑनलाइन मागवला होता. कंपनीचं नाव घेत नाही. दोन भाग एकमेकांत फिरवून बसवायचे होते आणि त्या सांध्यातून हवा जात होती. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे. व्हॉल्व्हची पाकळी एका बाजूने दुमडलेली, श्वास सोडला की बंदच होत नव्हती, म्हणजे पोरगा फुंकर मारून औषध परत नळकांड्यात ढकलत होता. तक्रार केली तर फोटो मागितले, फोटो दिल्यावर व्हिडिओ मागितला, व्हिडिओ दिल्यावर गप्प. दुसरा घेतला तो एकसंध नळकांड्याचा, दुकानातून. पाकळी पातळ, पारदर्शक आणि मोकळी. पोरगा श्वास घेतो तशी ती उघडमिट करताना दिसते, त्यामुळे श्वास मोजता येतात. ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत तुम्हाला दुसरं काही दिसत नाही, पाकळी दिसते.

आमच्याकडे चालतं ते असं: इन्हेलर हलवून खोचायचा, मास्क नाकाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत टेकवायचा, एक फवारा, मग पोराला सावकाश सहा-सात श्वास घेऊ द्यायचे. दुसरा फवारा लिहिलेला असेल तर पुन्हा हलवून पुन्हा पहिल्यापासून. दोन फवारे एकदम आत मारले तर थेंब एकमेकांना चिकटून जाड होतात आणि औषध वाया जातं. किती फवारे, कुठल्या रंगाचा पंप, केव्हा, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय आणि तो कागद फ्रिजला चिकटवलाय. माझा आकडा तुमच्या पोराच्या कामाचा नाही.

मास्कची फट ही सगळ्यात मोठी गळती. पोरगं हसलं तरी गालाशी फट पडते. रडलं तर विचारूच नका. लोकांना वाटतं रडताना मोठा श्वास घेतो म्हणजे औषध जास्त जातं, खरं तर फारच थोडं पोचतं. आमच्या बायकोने तोडगा काढला, मास्क लावला की तो बोटीवरचा म्होरक्या, तांडेल, आणि तांडेल रडत नाही. आमच्या स्पेसरला शिट्टी आहे, फार जोरात ओढलं की वाजते, म्हणजे हळू घे अशी सूचना. धाकट्याला कळल्यापासून तो मुद्दाम वाजवतो. हे शोधणाऱ्याला पोरं नसावीत.

वाफेच्या मशीनशी तुलना सगळेच विचारतात. आमच्याकडे नेब्युलायझर आहे, सासऱ्यांनी दिलेला, स्पेसरच्या कितीतरी पट महाग. सौम्य आणि मध्यम झटक्यात मुलांना स्पेसरमधून दिलेलं औषध नेब्युलायझरइतकंच काम करतं, हे कित्येक अभ्यास एकत्र करून तपासलेलं आहे. मशीन दहा मिनिटं घरघरतं, पोरगं घाबरतं, आणि मुख्य म्हणजे वीज लागते. वादळ सुटलं की आमच्याकडे आधी वीज जाते, मग नेटवर्क. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडच्या लोकांनी अंधारात आठवडे काढले. नळीला वीज लागत नाही. मशीन आता माळ्यावर आहे, सासरे आले की खाली येतं.

आईचा आक्षेप नळीला नव्हता, पंपाला होता. “एकदा पंप लागला की सुटत नाही, आणि त्यात स्टिरॉइड असतं म्हणे.” असतं, रोजच्या पंपात असतं, मायक्रोग्रॅममध्ये. त्याचा तोटा अजिबात नाही असं नाही. अमेरिकेत मुलांना काही वर्षं बुडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड देऊन मोठेपणी उंची मोजली तर सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कमी भरली. तोंडात पांढरा थर येऊ शकतो म्हणून नंतर चूळ भरायची. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते आईने त्या रात्रींत बघितलंय. आणि पंप “लागत” नाही, चष्मा कुठे लागतो? तिने ते मानलं असं मी म्हणणार नाही, पण सकाळी मी बंदरावर गेलेलो असलो की आता तीच पंप देते आणि वर “चूळ भर गो राजा” म्हणून मागे लागते.

गणपतीत या सगळ्याची परीक्षा होते. घरात चाकरमानी भरलेले, रात्रीच्या आरतीला शेजारपाजार, कापूर, धूप, उदबत्त्या, आणि डोंबिवलीहून आलेला भाचा शेंबूड पुसत धाकट्याच्या ताटात जेवतो. त्याला काय सांगणार? रोजचा पंप आम्ही पावसाआधीपासून चुकवला नव्हता. आरतीला धाकट्याला पडवीत उभं केलं, धूप बाहेर अंगणात. सर्दी व्हायची ती झालीच, दुसऱ्या रात्री छातीही वाजली, पण कागदावरचा झटक्याचा पंप नळीतून दिला आणि पोरगा झोपला. मागच्या गणपतीत आम्ही विसर्जन दवाखान्यातल्या खिडकीतून बघितलं होतं. अर्थात बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा पंपाने उतरलं नाही, तर नळी हातात घेऊनच गाडी काढायची, सकाळची वाट बघायची नाही.

तोटा. धुवायचा त्रास आहे. प्लॅस्टिकला स्थिर वीज धरते आणि औषध भिंतीला चिकटून राहतं, म्हणून भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, फडक्याने न पुसता वाऱ्यावर वाळवायचा. पुसलात तर पुन्हा वीज धरली. पत्रकात “हवेत वाळू द्या” लिहिणाऱ्याने जुलैतलं कोकण पाहिलेलं नाही. आमच्याकडे बनियन चार दिवस वाळत नाही. सकाळी धुतला तर रात्रीही आत थेंब. मी शेवटी रात्रीचा पंप झाल्यावर धुऊन पंख्याखाली उभा टांगून ठेवतो, सकाळपर्यंत बहुतेक वाळतो. स्वयंपाकघराच्या ओल्या भिंतीशी ठेवू नका, रबरी तोंडावर काळे ठिपके येतात.

सासुरवाडीला राजापूरकडे असताना त्या पहिल्या स्पेसरची पाकळी साफ फाटली, दुकानं बंद. मी अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला तापलेल्या सळीने इन्हेलरच्या मापाचं भोक पाडलं, कडा टेपने बंद केल्या आणि बाटलीचं तोंड पोराच्या ओठांत दिलं. बायको बघतच राहिली. पण ही माझी अक्कल नाही, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी अशीच बाटली दम्याच्या मुलांवर वापरून पाहिली आणि नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली, असं १९९९ मध्ये छापलं आहे. रोजच्या वापराला मी ती देणार नाही, पण अडीअडचणीला माहीत असावी.

चार-पाच वर्षांच्या पुढचं मूल ओठ नीट मिटून श्वास घेऊ शकत असेल तर मास्क काढून तोंडात धरायची नळीच बरी, नाकात अडकणारं औषध वाचतं. आम्ही आता त्याच वाटेवर आहोत. तेव्हा मुलगा एवढा असेल तर मास्क सुटा होणारा घ्या, नाहीतर वर्षभरात दुसरा घ्यावा लागेल.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पत्रकासाठी. विकायला आहे महाराष्ट्रात, निदान चित्रं तरी मोठी काढायची. घेताना पुडकं दुकानातच उघडा, मास्क पोराच्या तोंडावर धरून बघा, श्वास सोडल्यावर पाकळी मिटते का बघा. दुमडलेली किंवा कडक असेल तर तिथेच परत द्या. दुकानदार कुरकुर करेल. करू दे.